शारीरिक विनोद (चित्रपटातील)

पडणे, घसरणे, आपटणे, पाठलाग, मारामारी, चेहऱ्याची वेडीवाकडी वळणे आणि निर्जीव वस्तूंशी चाललेली झटापट यांतून उभा राहणारा विनोद म्हणजे शारीरिक विनोद. त्याच्या धसमुसळ्या रूपाला ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात. चित्रपटात हा विनोद दोन घरांत नांदतो : एक हाडामांसाच्या नटांचे, दुसरे ॲनिमेशनचे. या दोन घरांच्या अडचणी एकमेकांच्या अगदी उलट आहेत. नटाच्या शरीराला खरे वजन असते, त्यामुळे इजा टाळून इजेचा भास घडवणे हे त्याचे काम. चित्रातल्या मांजराला वजनच नसते. ते आधी त्याला द्यावे लागते, मगच त्याच्या पडण्याला हसू येते.

‘स्लॅपस्टिक’ हे नाव एका खऱ्याखुऱ्या वस्तूवरून आले. सोळाव्या शतकापासून इटलीत लोकप्रिय झालेल्या ‘कोमेदिया देल्लार्ते’ या मुखवट्यांच्या नाटकात विदूषकी नोकराच्या, म्हणजे आर्लेक्किनोच्या हाती एक लाकडी फळी असे. दोन पातळ पट्ट्या मुठीपाशी जोडलेल्या आणि मध्ये थोडी फट. तिने मारले की पट्ट्या एकमेकींवर आपटून फटाकन आवाज होई आणि मार खाणाऱ्याला जवळजवळ काहीच लागत नसे. आवाज मोठा, मार लहान : या विनोदाचे सगळे तंत्र त्या फळीत सामावलेले आहे. ते न पाळले तर काय होते याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात थप्पड खरोखरच जोरात बसली आणि ललिता पवार यांच्या डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. तो प्रसंग विनोदी नव्हता, पण पडद्यावरची प्रत्येक थप्पड कशी ‘बसवावी’ लागते हे त्यावरून कळते.

भारतीय परंपरेला हा विषय नवा नाही. नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत आणि विदूषकाने शरीराने, वाणीने व वेशाने असे तीन वाटांनी हसवावे अशी मांडणी आहे. म्हणजे अंग हे हसवण्याचे स्वतंत्र साधन आहे, ही जाण तिथे स्पष्ट दिसते. तमाशातला सोंगाड्या आणि दशावतारातला संकासुर हे त्याच वाटेवरचे. सोंगाड्याच्या चालीला, वळणाला, अडखळण्याला ढोलकीची थाप साथ देते तेव्हा डोळ्यांना दिसणारा विनोद कानांनाही कळतो. चित्रपटाने पुढे आवाजाचा हाच उपयोग फार बारकाईने केला.

पडणाऱ्या माणसाला आपण का हसतो? फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९०० मध्ये हास्यावर लिहिलेल्या पुस्तकात एक उत्तर दिले. रस्त्यावर धावणारा माणूस ठेचकाळून पडतो, कारण परिस्थिती बदलली तरी त्याचे शरीर आधीच्याच वेगाने, यंत्रासारखे चालत राहते. जिवंत माणसात अचानक दिसलेला हा यांत्रिक ताठरपणा हसवतो. हे उत्तर पुरेसे नाही, कारण सावरणाऱ्यालाही आपण तितकेच हसतो. अट एकच : त्याला फार लागलेले नाही, याची खात्री हवी. रक्त दिसले की हसू थांबते.

चित्रपट जन्मला तेव्हापासून हा विनोद त्याच्यासोबत आहे. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये दाखवलेल्या चित्रफितींपैकी एकीत माळी नळीने बागेला पाणी घालत असतो. मागून एक पोरगा येऊन नळीवर पाय देतो. पाणी का थांबले म्हणून माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय उचलतो. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला माळ्याच्या आधी कळलेले असते. हसायला सुरुवात होते ती पाणी उडाल्यावर नाही, माळी नळी तोंडाजवळ नेतो तिथेच. पडण्याआधीचा हा क्षण जपणे, त्याला आपले नट ‘टायमिंग’ म्हणतात, हे या कलेचे खरे कसब आहे.

अमेरिकेत मॅक सेनेट यांच्या कीस्टोन कंपनीने १९१२ पासून धावपळीच्या छोट्या विनोदी चित्रपटांचा कारखानाच चालवला. त्या चित्रपटांतले गोंधळी पोलीस गाड्यांतून पडत, एकमेकांवर आदळत. कॅमेरा हाताने फिरवायचा असल्यामुळे हँडल जरा हळू फिरवले की पडद्यावर सगळे जण भराभर धावताना दिसत. चार्ली चॅप्लिन याच कंपनीत आले आणि १९१४ च्या फेब्रुवारीत त्यांचा घट्ट कोट, ढगळ विजार आणि छडीवाला भटक्या प्रथम पडद्यावर दिसला. चॅप्लिननी धांदल कमी करून तिच्यात ऐट आणली. १९२५ च्या ‘द गोल्ड रश’मध्ये उपाशी भटक्या आपला बूट उकडून खातो. खिळे कोंबडीच्या हाडांसारखे चोखतो, नाड्या शेवयांसारख्या काट्याला गुंडाळतो. बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा होता. हसू येते ते उपासमारीतही जेवणाचे शिष्टाचार पाळणाऱ्या त्याच्या बोटांना.

बस्टर कीटन हा या कलेचा सर्वांत धाडसी आणि सर्वांत काटेकोर कलावंत. लहानपणी आई-वडिलांच्या रंगमंचीय खेळात वडील त्याला अक्षरशः इकडून तिकडे फेकत. पडावे कसे हे त्याचे अंग तिथेच शिकले. त्याचा चेहरा मात्र निर्विकार असे. १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’मधला प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. वादळ सुटले आहे. कीटन रस्त्यात गोंधळून उभा आहे, त्याच्या मागे दुमजली घराची दर्शनी भिंत. ती भिंत सबंधच्या सबंध सुटते आणि त्याच्या अंगावर कोसळते. पण वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी जिथून खाली येते तिथेच तो उभा असतो, म्हणून वाचतो. भिंत कागदाची नव्हती. तिचे वजन सुमारे २ टन होते असे सांगितले जाते, आणि खिडकीच्या चौकटीत त्याच्या अंगाभोवती मोजके इंच जागा होती. एक पाऊल इकडे-तिकडे झाले असते तर तो जिवंत राहिला नसता. ही कल्पना त्याला एका दिवसात सुचलेली नव्हती. १९१९ आणि १९२० मधल्या आधीच्या लघुपटांत हलक्या भिंतींवर तिची तालीम झाली होती. आणि हे सगळे एकाच लांबच्या दृश्यात, मध्ये कात्री न लावता दाखवले आहे. तिथे तुकडे जोडले असते तर प्रेक्षकाने फसवणूक धरली असती आणि अंगावर काटा आलाच नसता. आजचे कित्येक विनोदी चित्रपट पडण्याचे पाच तुकडे करून ते पाच कोनांतून दाखवतात आणि हसू हातचे घालवतात. संपूर्ण शरीर आणि त्याच्याभोवतीची जागा एकत्र दिसलीच पाहिजे.

त्याच काळातला विनोदी नट हॅरल्ड लॉइड याचे उंच इमारतीवरच्या घड्याळाला लोंबकळणे (१९२३) तितकेच प्रसिद्ध आहे. इमारतीच्या दर्शनी भागाचे नेपथ्य उंच इमारतींच्या गच्चीवर उभारले होते, त्यामुळे खालचा लॉस अँजेलिसचा रस्ता खरा दिसतो. १९१९ मध्ये नकली समजून हातात धरलेला बॉम्ब खराच फुटून लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती. घड्याळाचा काटा पकडणाऱ्या त्या हातावर कृत्रिम बोटांचा हातमोजा होता. लॉरेल आणि हार्डी यांनी वेग उलटा केला. एकाने दुसऱ्याचे नुकसान करायचे, दुसऱ्याने ते शांतपणे पाहायचे, मग सावकाश परतफेड करायची. १९३२ च्या ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये दोघे एक पियानो लांबलचक जिना चढवतात आणि तो पुन्हा पुन्हा खाली येतो. या लघुपटाला ऑस्कर मिळाले आणि तो जिना लॉस अँजेलिसमध्ये आजही आहे.

ॲनिमेशनने मूकपटांकडून विनोद थेट उचलला. मिकी माउसला गाजवणाऱ्या १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’चे नावच कीटनच्या त्याच वर्षीच्या चित्रपटावरून सुचले आहे. पण चित्रकारांना एक गोष्ट नव्याने शोधावी लागली : वजन. डिस्नीच्या स्टुडिओत घडत गेलेली तत्त्वे तिथल्याच फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या चित्रकारांनी १९८१ च्या ग्रंथात १२ म्हणून मांडली. त्यांतले पहिले दबणे आणि ताणणे. चेंडू जमिनीवर आपटताना चपटा होतो, उसळताना लांबतो, पण त्याचे आकारमान तेवढेच राहते. ते राहिले नाही तर तो चेंडू न वाटता फुगा वाटतो. दुसरे पूर्वहालचाल : धावण्याआधी पात्र अंग मागे ओढते, म्हणजे प्रेक्षकाची नजर तयार होते. ल्युमिएरच्या माळ्याने नळीत डोकावण्याचेच हे चित्रातले रूप.

चक जोन्स यांच्या रोडरनर हा वेगवान पक्षी आणि त्याच्या मागे लागलेला कायोटी हा लांडग्यासारखा प्राणी यांच्या मालिकेत (१९४९ पासून) हे कसब शिगेला पोचले. कायोटी कड्याच्या पुढे हवेत धावत जातो. थांबतो. पायाने खालची जमीन चाचपतो, ती नाही. मग प्रेक्षकांकडे बघतो, ती नजर केविलवाणी असते, आणि त्यानंतरच पडतो. गुरुत्वाकर्षण त्याला कळेपर्यंत थांबते. कॅमेरा वरूनच पाहतो. कायोटी लहान होत होत ठिपका होतो, मग नाहीसा होतो, मग काही क्षण काहीच नाही, आणि दरीच्या तळाशी धुळीचा एक छोटासा फुगारा. जोन्स यांचा हिशेब फ्रेममध्ये, म्हणजे चित्रफितीतल्या एकेका स्थिर चित्रात होता : दिसेनासे व्हायला १८ फ्रेम, त्यानंतर आपटायला १४. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर पाऊण सेकंद पडणे आणि अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त शांतता. दोन-चार फ्रेम इकडच्या तिकडे झाल्या तर तेच चित्र हसवत नाही. कीटनच्या भिंतीला जसे इंच, तशा इथे फ्रेम.

टॉम आणि जेरी यांचा जन्म १९४० चा. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांच्या पहिल्या चित्रपटात मांजराचे नाव जॅस्पर होते. या जोडीच्या लघुपटांना ७ ऑस्कर मिळाले. संवाद जवळजवळ नसल्यामुळे सगळा भार आवाजावर आणि संगीतावर आहे. संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांनी प्रत्येक पाऊल, प्रत्येक डोळा मिटणे वाद्यमेळात बांधले. आणि टॉमची ती जिवाच्या आकांताची किंकाळी खुद्द हॅना यांच्या घशातली आहे. टॉम इस्त्रीखाली चपटा होतो, पुढच्या दृश्यात धडधाकट असतो. इथे इजा पुसून टाकण्याची सोय आहे, म्हणूनच क्रूरपणा सोसवतो. ॲनिमेशनचे दिग्दर्शक टेक्स एव्हरी यांनी तर शरीराचे नियमच मोडले : त्यांच्या लांडग्याचे डोळे खोबणीतून हातभर बाहेर येतात.

नंतरच्या काळात देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. फ्रान्सच्या जाक ताती यांनी १९५० च्या दशकात ह्युलो या पुढे झुकून चालणाऱ्या पात्राद्वारे शब्दांना जवळजवळ रजा दिली. हाँगकाँगच्या जॅकी चॅनने १९८३ मध्ये लॉइडचे घड्याळ आठवून घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छपरे फाडत खाली पडून दाखवले. त्याचे अंग बालपणी पेकिंग ऑपेराच्या शाळेत घडले होते आणि कीटनचे ऋण तो मोकळेपणाने मानतो. ब्रिटनमधल्या निक पार्क यांच्या मातीच्या पुतळ्यांपैकी ग्रोमिट या कुत्र्याला तोंडच नाही. त्याच्या मनातले सगळे कपाळाच्या एका वळीत दिसते. ‘वॉल-ई’ (२००८) करताना पिक्सार या ॲनिमेशन कंपनीच्या चमूने चॅप्लिन आणि कीटनचे मूकपट नेमाने पाहिले होते, आणि त्या यंत्रमानवाच्या मान वळवण्यात ते दिसते.

हिंदीत राज कपूर यांनी चॅप्लिनचा भटक्या भारतीय केला आणि ‘हाफ टिकट’मध्ये (१९६२) किशोरकुमार यांनी थोराड अंगाने लहान मूल उभे केले. १९८७ चा ‘पुष्पक’ तर बोलपटांच्या जमान्यात एकही संवाद नसलेला चित्रपट. मराठीत टाळ्या मिळतात त्या वाक्यांना, त्यामुळे अंगाच्या विनोदाची दाद मागे पडते, आणि ही उणीव दाद देणाऱ्यांची आहे, नटांची नाही. दादा कोंडके द्वयर्थी संवादांसाठी लक्षात राहिले, पण ‘सोंगाड्या’त (१९७१) संवादाआधी दिसतात ते अर्धी चड्डी, लोंबणारी नाडी आणि बावळट उभे राहणे. ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) लक्ष्मीकांत बेर्डे साडी सावरतात त्या हातांत जितके हसू आहे तितके कितीक कोट्यांत नाही.

बेर्डे यांच्याच ‘झपाटलेला’त (१९९३, दिग्दर्शक महेश कोठारे) या नोंदीतली दोन्ही घरे एकाच खोलीत येतात. तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला. त्याला वजन द्यायला चित्रकाराची पेन्सिल नाही आणि स्वतःची हाडेही नाहीत. ते वजन समोरच्या नटाला द्यावे लागते. लक्ष्या त्याच्याकडे बघताना नजर बाहुल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर रोखतो, तो हलला की आधी मान, मग खांदे, मग सगळे अंग मागे नेतो, आणि तो निर्जीव बाहुला जिवंत होतो.