बसलेला पाटा नरम झालेला नसतो

गेल्या नोव्हेंबरात आमच्या जुन्या डिझेल जीपचा मागचा पाटा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या एका पांदणीत तुटला. पाटा म्हणजे पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली चाकाजवळची स्प्रिंग. तिच्या एकेका पट्टीलाही पाटाच म्हणतात. कापसाची गाठोडी शेतातून घरी आणत होतो. पावसाळ्यात ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या काळ्या मातीत वाळून विटेसारख्या कडक झाल्या होत्या. उजवं चाक एका चाकोरीत उतरलं, खालून ‘टण्ण’ असा आवाज आला आणि गाडी त्या अंगाला कलली. कापूस उतरवून शेजाऱ्याच्या खासरात, म्हणजे बैलगाडीत, घातला आणि रिकामी जीप बैलांच्या चालीनं घरी आणली.

दुसऱ्या दिवशी पाटा सोडवला, तेव्हा सगळ्यात वरचा, म्हणजे मेन पाटा, मधल्या बोल्टच्या छिद्रातून आडवा गेलेला दिसला. तुटलेलं टोक उन्हात धरलं. छिद्राच्या कडेपासून नखाएवढा अर्धचंद्र गुळगुळीत आणि गंजून काळपट झाला होता, त्यावर एकात एक बारीक वळसे होते. उन्हाळ्यात गावतळ्याचं पाणी ओसरतं तेव्हा काठावर रेघा उमटत जातात, तसे. उरलेला भाग मात्र चकचकीत आणि जाड्या साखरेसारखा रवाळ.

या दोन रंगांत पाट्याचा सगळा इतिहास होता. चकचकीत भाग त्या दुपारी एका क्षणात तुटला. काळपट अर्धचंद्र त्याच्या कितीतरी आधीपासून, प्रत्येक खड्ड्यागणिक केसाहून कमी सरकत वाढत होता. गंज चढायलाही त्याला वेळ मिळाला होता. म्हणजे चाकोरीनं पाटा तोडला नाही, तिनं फक्त शेवटचा धक्का दिला.

याला धातूचा थकवा म्हणतात. ऑगस्ट व्योलर या जर्मन रेल्वे अभियंत्यानं १८५० आणि १८६०च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यांवर, वर्षानुवर्षं प्रयोग करून हे दाखवलं. एका वेळी जे वजन आस सहज पेलतो, त्याहून बरंच कमी वजन लाखो वेळा चढवलं-उतरवलं तर तोच आस तुटतो. लोखंडाला किती भार पडला एवढंच विचारून भागत नाही, तो किती वेळा पडला हेही विचारावं लागतं. आणि पांदणीतून जाणारी जीप तर दर मीटरला पाट्याला वाकवत आणि सोडत असते.

तडा नेमका छिद्रापाशी का पडला? भार आला की पाट्याची कमान सपाट होऊ पाहते, तेव्हा प्रत्येक पाट्याचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. तडा ताणाच्या बाजूनं सुरू होतो, आणि ताण छिद्राच्या कडेला गोळा होतो. त्या जागी यू-बोल्ट, म्हणजे इंग्रजी U आकाराचे बोल्ट, असतात. ते घट्ट आवळलेले असले की पाट्यांचा मधला भाग हौसिंगला, म्हणजे आसाच्या लोखंडी आवरणाला, असा जखडला जातो की तो वाकतच नाही आणि छिद्राला काही भोगावं लागत नाही. यू-बोल्ट सैल झाले, की वाकण्याची जागा सरकत छिद्रावर येते. आमचे यू-बोल्ट सैल होते. कित्येक महिने कोणी पान्याला हातही लावला नव्हता, मी सुद्धा.

मिस्त्री बाजूलाच उभे होते. डाव्या बाजूचा पाटा तुटला नव्हता, पण जवळजवळ सपाट झाला होता. तो बघून ते म्हणाले, “हा नरम पडला भाऊ. भट्टीत घालून कमान देऊन देतो, नाही तं एक पाटा वाढवून देतो. काहून नवा घेता?”

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी हेच दोन उपाय सांगतात. दोन्ही चुकीचे का आहेत हे कळायला ‘नरम पडला’ या शब्दापासून सुरुवात करावी लागते.

रॉबर्ट हूकनं १६७८ मध्ये स्प्रिंगचा नियम मांडला: जितका भार, तितकी लवण, म्हणजे तितकं वाकणं. दुप्पट भार, दुप्पट लवण. भाराच्या मानानं लवण किती, हे दोन गोष्टींवर ठरतं. एक पाट्याचा आकार, म्हणजे लांबी, रुंदी, जाडी आणि पाट्यांची संख्या. दुसरी, त्या धातूचा स्वतःचा ताठपणा, ज्याला यंगचा गुणांक म्हणतात. आता यातली नवलाची बाब: हा गुणांक खिडकीच्या गजाच्या साध्या लोखंडाचा आणि पाट्याच्या कडक पोलादाचा जवळजवळ सारखाच असतो. पोलादाला कितीही पाणी द्या, म्हणजे तापवून-विझवून कडक करा, त्याचा ताठपणा वाढत नाही. वाढते ती मर्यादा, जिथपर्यंत वाकवून सोडलं तर ते पुन्हा मूळ जागी येतं. साधा गज थोडा वाकवला की वाकलेलाच राहतो, पाटा हातभर वाकून परत येतो. फरक एवढाच आहे, पण सगळा फरक तोच आहे.

म्हणून वीस-तीस वर्षं वापरलेला, पण गंजून पातळ न झालेला पाटा नरम झालेला नसतो. त्यावर १०० किलो ठेवले तर तो नव्या पाट्याइतकाच दबेल. त्यानं फक्त आपली कमान गमावलेली असते. कधी जास्तीचा भार, कधी खोल खड्डा, अशा प्रत्येक वेळी ती मर्यादा किंचित ओलांडली गेली आणि पाटा किंचित कमी परतला. त्याचा ताठपणा तसाच राहिला, उंची गेली. त्यामुळे थोड्या भारातही हौसिंग वरच्या रबरावर आदळतं, आणि आपल्याला वाटतं की पाटा नरम पडला.

आता पाटा वाढवण्याबद्दल. त्याआधी हे पाहू, की एकावर एक पातळ पाटे का रचतात, एकच जाड पट्टी का नाही? पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. ६ मिलिमीटरचे ६ पाटे एकमेकांवर सरकू शकत असतील, तर त्यांचा ताठपणा एकाच्या ६ पट होतो. त्याच रुंदीची ३६ मिलिमीटरची एकसंध पट्टी घेतली तर २१६ पट. म्हणजे लोखंड तेवढंच, पण पट्टी ३६ पट ताठ. शिवाय तितकीच लवण द्यायला गेलं तर तिच्या पृष्ठभागावर ६ पट ताण येतो, ती तुटूनच जाईल. पातळ पाट्यांना सरकू दिलं म्हणून लवचीकपणा मिळाला. खालचे पाटे आखूड असण्याचंही कारण आहे. वाकवणारा जोर मध्यभागी सर्वांत जास्त आणि टोकांना शून्य असतो, म्हणून जिथं जोर जास्त तिथं लोखंड जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोडागाड्यांच्या कारागिरांनी ही रचना पक्की केली आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रानं विलिस जीपची जुळणी भारतात सुरू केली तेव्हा ती तिच्यासोबत आली.

याच घनाच्या हिशेबामुळे दुकानात पाटा घेताना नुसतं ‘जीपचा द्या’ म्हणू नये, जाडी मोजून घ्यावी. ६ मिलिमीटरऐवजी ७ मिलिमीटरचा पाटा डोळ्यांना तसाच दिसतो, पण तो सुमारे ५९ टक्के जास्त ताठ असतो.

एक-दोन जास्तीचे पाटे घातले की गाडी उंच दिसते, समाधान वाटतं. पण धक्के बदलतात. भारानं पाटा किती दबून उभा आहे यावर गाडीच्या हिंदोळ्याची लय ठरते. १० सेंटिमीटर दबलेली गाडी सेकंदाला साधारण १.६ वेळा वर-खाली होते, ४ सेंटिमीटरच दबणारी अडीच वेळा. माणसाचं धड सेकंदाला ४ ते ८ हेलकाव्यांना सर्वांत जास्त थरथरतं. पाटे ताठ करत जाऊ तसतसे आपण त्या थरथरीकडे सरकतो. वखारीहून घरी आल्यावर ज्यांची कंबर धरते त्यांना हे गणित सांगावं लागत नाही. आणि जो धक्का पाट्यानं गिळला नाही तो हँगरमधून, म्हणजे पाट्याची टोकं धरणाऱ्या कड्यांतून, चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, जातो. माझ्या मते जुन्या जीपच्या चासीला हँगरपाशी पडलेल्या तड्यांचं मूळ पुष्कळदा अशा वाढवलेल्या पाट्यांत सापडतं.

भट्टीचा उपाय याहून वाईट. पाट्याच्या पोलादात ०.५ ते ०.६ टक्के कार्बन आणि बहुधा दीड-दोन टक्के सिलिकॉन असतो. कारखान्यात ते लालबुंद तापवून तेलात विझवतात. त्यानं ते काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून पुन्हा मोजून-मापून साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवतात, तेव्हा कुठे ती परत येण्याची मर्यादा उंच राहून चिवटपणाही मिळतो. मग ताणाच्या बाजूवर बारीक छर्ऱ्यांचा मारा करतात, त्यानं पृष्ठभाग आतून दाबलेला राहतो आणि तड्याला सुरुवात करायला जागा मिळत नाही. कोळशाच्या भट्टीत पाटा लाल केला की हे दोन्ही संस्कार पुसले जातात. कमान सुंदर येते, आणि पहिल्याच हंगामात उतरते. थंड पाट्यावर हातोड्यानं कमान देणारे जुने कारागीर त्यातल्या त्यात बरे, काही काळ निभावतं. पण तडा गेलेला पाटा त्यालाही योग्य नाही, आणि वेल्डिंग तर कधीच नाही.

शेवटी आम्ही दोन्ही बाजूंचे नवे पाटे घेतले. एकच बदलला तर गाडी कललेलीच राहते. यू-बोल्ट आणि बुशही (पाट्याच्या टोकांत बसणाऱ्या रबरी नळ्या) नवे आणले. जुने बोल्ट आदल्या रात्री डिझेलनं भिजवूनही सुटले नाहीत, कापावे लागले. जॅकवर विसंबून खाली कोणी शिरलं नाही, चासीखाली लाकडी ओंडके रचले. हौसिंगला वेगळा आधार दिला, नाहीतर ते लोंबकळून ब्रेकचा पाइप ताणतं.

जुन्या पाट्याचा मधला बोल्ट काढायला मुलगा निघाला तेव्हा मिस्त्रींनी त्याचा हात धरला. हे त्यांचं बरोबर होतं. आखूड पाटे लांब पाट्यापेक्षा जास्त वळलेले असतात. सुटे रचले तर मध्ये फट राहते, बोल्टनं ओढून ती मिटवलेली असते. त्यामुळे भार येण्याआधीच मेन पाटा उलट्या दिशेला किंचित वाकवून ठेवलेला असतो आणि रस्त्यावरचा ताण त्याला कमी जाणवतो. पण तो बोल्ट अचानक सोडला तर पाटे उसळून हात मोडू शकतात. शिकंजात धरूनच सोडावा.

बोल्टची गुंडी हौसिंगवरच्या छिद्रात नीट बसली का ते पाहिलं, ती बसली नाही तर आस तिरका होतो. यू-बोल्ट आलटून-पालटून आवळले. रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी करून मगच आवळले. हवेत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ५०० किलोमीटरनंतर सगळे यू-बोल्ट पुन्हा तपासले. दोन जवळजवळ अर्धा आटा फिरले.

तुटलेला मेन पाटा मिस्त्रींनी गावच्या लोहाराकडे पाठवला. पाट्याचं पोलाद लोहाराला नेहमीच हवं असतं. भट्टीत लाल करून, ठोकून, धार पाण्यात विझवून त्यानं अर्ध्या तुकड्याचा विळा केला. उरलेल्या तुकड्याची वखराची पास, म्हणजे आडवं पातं, होणार आहे. अर्धचंद्राचं टोक मी आधीच कापून घेतलं होतं. ते आता जीपच्या पान्यांच्या डब्यात आहे, यू-बोल्टच्या पान्याशेजारी.