सामाजिक संशोधन : पद्धती आणि नैतिक पेच (कोल्हापूर परिसर)

माणसांचे व्यवहार, नातेसंबंध, समजुती आणि राहणीमान यांचा इतरांना पडताळून पाहता येईल अशा रीतीने केलेला अभ्यास म्हणजे सामाजिक संशोधन. सर्वेक्षण, मुलाखत, गटचर्चा, सहभागी निरीक्षण (लोकांत राहून, त्यांच्या व्यवहारांत भाग घेत केलेले निरीक्षण) आणि जुन्या दप्तराचे वाचन या त्याच्या रूढ पद्धती होत. महाराष्ट्रात गावपाहणीची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. कृषितज्ज्ञ हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा केलेला अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली आर्थिक-सामाजिक पाहण्यांना शिस्त लावली. कोल्हापुरात १९६२ साली शिवाजी विद्यापीठ सुरू झाले. संस्थानकाळातील मोडी कागद इथल्या पुराभिलेखागारात आहेत. त्यामुळे या जिल्ह्यात दप्तर आणि प्रत्यक्ष वस्ती असे दोन्ही प्रकारचे काम करता येते.

पद्धतीचा पहिला प्रश्न नमुना निवडीचा, म्हणजे साऱ्या लोकांतून नेमके कोणाला विचारायचे याचा. मतदारयादी किंवा घरांची यादी घेऊन ठरावीक अंतराने घरे निवडणे ही पाठ्यपुस्तकातली रीत कागल किंवा करवीरमधल्या स्थिर गावात चालते. ऊसतोड मजुरांच्या बाबतीत ती पहिल्याच दिवशी कोलमडते. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून गळीत हंगामासाठी आलेल्या या टोळ्यांचे नाव इथल्या कुठल्याच यादीत नसते. कारखान्याचा करार मुकादमाशी, म्हणजे मजूर पुरवणाऱ्याशी; उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते जोडप्याने, आणि हिशेबात त्या जोडप्याची गणना ‘एक कोयता’ अशी होते. म्हणजे बाई कागदावर निम्मी. कारखान्याच्या नोंदींवरून नमुना काढला तर स्त्रिया स्वतंत्र व्यक्ती म्हणून येतच नाहीत. उसाच्या फडाफडांत फिरून नमुना काढला तर टोळी दोन दिवसांत दुसऱ्या शिवारात गेलेली असते. अशा वेळी एकीने दुसरीचे नाव सुचवायचे, अशी ओळखीच्या साखळीची पद्धत वापरतात. ती उपयोगी आहे, पण तिच्यातून आलेले आकडे साऱ्या ऊसतोड मजुरांचे म्हणून छापणे चूक. आणि ही चूक सर्रास होते.

वेळेचा प्रश्न तर नैतिकतेत मोडतो. तोडणीची मजुरी टनावर असते. फडात उभ्या असलेल्या बाईचा पाऊण तास घेतला तर तो तिच्या मजुरीतून जातो. संध्याकाळी कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर, गेले तर चूल, पाणी, पोरे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठायची घाई. मोबदला द्यावा तर पैशासाठी होकार दिला अशी शंका. न द्यावा तर फुकट राबवून घेतल्याचा दोष. बुडालेल्या वेळेइतकी रक्कम, तीही आधी जाहीर करून सर्वांना सारखी द्यावी, हा त्यातल्या त्यात सरळ मार्ग.

संमती हा या विषयाचा गाभा. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात कृष्णवर्णीय रुग्णांना अंधारात ठेवून, उपचार न देता सिफिलिसचा अभ्यास चालला. तो उघडकीस आल्यावर माणसांवरील संशोधनाच्या नीतीविषयीच्या १९७९ च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली. भारतात आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी २००० साली नैतिक मार्गदर्शिका तयार झाली, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सामाजिक व वर्तनविषयक संशोधनाला स्वतंत्र जागा मिळाली. या सर्वांचा निष्कर्ष व्यवहारात एका छापील संमतिपत्रावर येऊन थांबतो. सावकार, सोसायटी आणि बचत गटाचे कर्ज पाहिलेल्या घरात कागदावर सही किंवा अंगठा म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘बोलतो की, पण सही कशाला?’ हा प्रश्न मग रास्तच ठरतो. सहीने संस्थेचे दप्तर पूर्ण होते. उत्तर देणाऱ्याच्या पदरात त्या कागदाने काही पडत नाही. तोंडी संमती साक्षीदारासमक्ष किंवा ध्वनिमुद्रणावर घेण्याची सोय आहे, ती अशा ठिकाणी वापरायला हवी.

संमती कोण देतो, हेही पाहावे लागते. टोळीत शिरायला मुकादम, गावात सरपंच, तालमीत वस्ताद, इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखान्यात मालक, असे दारावरचे माणूस सगळीकडे असते. त्याने ‘बोला हो, आपलीच माणसं हाईत’ म्हटले की पुढच्यांना नकार देता येत नाही. मालकाच्या देखत मागवाल्याला पगार विचारून मिळालेला आकडा पगाराचा नसतो, मालकाच्या उपस्थितीचा असतो.

पूरग्रस्त भागात गैरसमजाचे वेगळेच रूप दिसते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर शिरोळ, करवीर, हातकणंगले या तालुक्यांत अभ्यासकांची रीघ लागली. वही-पेन घेऊन दारात उभा राहिलेला परका माणूस पंचनाम्यालाच आला आहे, असे लोकांना वाटणे साहजिक होते. ‘यातून मदत मिळणार नाही’ असे तीनदा सांगितले तरी एखादी मावशी पडकी भिंत दाखवायला आत नेतेच. नुकसानीचे आकडे त्या अपेक्षेने फुगतात. उलट अनुदान बंद होईल या भीतीने जनावरे आणि जमीन कमी सांगितली जाते. एकाच घराला वेगवेगळ्या पथकांनी तेच दुःख पुन्हा पुन्हा सांगायला लावणे हीदेखील इजाच आहे, मात्र संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिक समितीच्या अर्जात तिच्यासाठी रकाना क्वचितच असतो.

जातीचा प्रश्न थेट विचारणे जड जाते. म्हणून इथे आडून ‘तुम्ही कुणापैकी?’ असे विचारतात, किंवा आडनावावरून परस्पर नोंद करतात. दुसरी रीत टाळावी. एकच आडनाव अनेक जातींत असते. ज्या संस्थानात २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी मागासांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, तिथे जातीची माहिती अभ्यासातून वगळणेही प्रामाणिक ठरत नाही. ती कशासाठी हवी हे सांगून विचारावी, आणि उत्तर न देण्याची मुभा खरीखुरी असावी.

गोपनीयतेचे सर्वांत अवघड प्रश्न लहान गावांत उभे राहतात. ‘हातकणंगले तालुक्यातील चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध गाव’ असे लिहून हुपरीचे नाव लपवल्याचा आव आणण्यात अर्थ नाही. शिरोळ तालुक्यातील हेरवाडने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्यास सांगितले. अशा गावाचे नाव झाकता येत नाही, झाकून अभ्यासाचा अर्थही उरत नाही. पण ठरावानंतर एखाद्या विधवेला तिच्याच घरात काय ऐकावे लागते, हे तिने सांगितले तर वय, वाडी आणि मुलांची संख्या एवढ्यावरून गावातला कोणीही तिला ओळखतो. बाहेरच्या वाचकापासून नाव लपवणे सोपे; जावेपासून लपवणे कठीण. त्यासाठी तपशील बदलणे, दोन-तीन जणींचे अनुभव एकत्र मांडणे किंवा तो भाग छापण्याआधी तिलाच वाचून दाखवणे, असे उपाय करतात. प्रत्येकात अचूकतेची थोडी किंमत मोजावी लागते.

कायद्याशी गाठ पडते तिथे गोपनीयतेचे वचनच अपुरे ठरते. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. २०११ मध्ये ८६३. या तुटीमागची कारणे शोधणाऱ्याला लोक गर्भलिंगनिदानाबद्दल, म्हणजे गुन्ह्याबद्दल सांगू लागतात. संशोधकाला वकिलासारखे कायदेशीर संरक्षण नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यास ती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक केले आहे, आणि त्यातून संशोधकाला सूट नाही. तेव्हा ‘तुम्ही सांगाल ते कुणालाही कळणार नाही’ हे वाक्य संमतिपत्रातून काढून गोपनीयतेची मर्यादा मुलाखत सुरू होण्याआधी सांगणे भाग आहे. काही जण त्यानंतर गप्प बसतात. ते गप्प बसणे मान्य करावे लागते.

विदेच्या, म्हणजे गोळा केलेल्या माहितीच्या (डेटा), साठवणीकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण विद्यार्थ्याच्या मोबाइलवर राहते, मार्गदर्शकाकडे व्हॉट्सॲपवरून जाते आणि पदवी मिळाल्यावर ते कुठे आहे हे कोणी विचारत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, मात्र त्या माहितीचा वापर संबंधित व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी करायचा नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळायची, या अटींवर.

निष्कर्ष लोकांपर्यंत परत नेण्याची रीत गावापुरती ग्रामसभेत वाचन करून पाळता येते, तीही अहवाल मराठीत असेल तर. हंगामी टोळ्यांबाबत ती बहुधा मोडते. अहवाल तयार होईपर्यंत टोळी आपल्या गावी परतलेली असते, आणि पुढच्या हंगामात ती त्याच कारखान्याकडे येईल याची खात्री नसते. म्हणून मूळ गावाचा पत्ता मुलाखतीच्या वेळीच, उत्तरांपासून वेगळ्या वहीत, नोंदवून ठेवावा लागतो.