बुद्धिमान प्राण्यांचे बंड (जपानी बालमांगा)

जपानी बालमांगातील, म्हणजे मुलांसाठीच्या जपानी चित्रकथांतील, एक रूढ कथाबंध. एखाद्या प्राण्याला किंवा संपूर्ण प्राणिजातीला माणसाइतकी अथवा त्याहून अधिक बुद्धी लाभते, वाचा फुटते आणि मग माणसाचे पृथ्वीवरील स्वामित्व नाकारले जाते, उलथवले जाते किंवा निदान उलथवण्याच्या बेतापर्यंत गोष्ट येते, अशा कथांचा यात समावेश होतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हा कथाबंध आकारास आला. तो घडविण्यात ओसामू तेझुका (१९२८–८९) यांचा वाटा सर्वांत मोठा असून फुजिको एफ. फुजिओ (१९३३–९६) यांनी त्याला पुढे वेगळे, घरगुती वळण दिले.

माणसासारखे वागणारे प्राणी जपानी चित्रपरंपरेला नवे नाहीत. क्योतोच्या कोझान-जी मंदिराच्या मालकीच्या, बाराव्या-तेराव्या शतकांतील ‘चोजू-गिगा’ या चित्रगुंडाळ्यांत ससे आणि बेडूक कुस्ती खेळतात, पूजाअर्चेची नक्कल करतात. लोककथांतले कोल्हे आणि तानुकी (रकूनसारखे दिसणारे रानकुत्रे) माणसाचे रूप घेऊन फसवतात, तर मोमोतारो या लोककथेतील नायकाच्या गोष्टीतले कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी भरडधान्याच्या लाडवांच्या मोबदल्यात त्याची चाकरी पत्करतात. युद्धपूर्व काळातील सर्वांत लोकप्रिय प्राणिनायक म्हणजे सुइहो तागावा यांचा ‘नोराकुरो’. काळ्या रंगाचा हा बेवारशी कुत्रा १९३१ ते १९४१ या काळात ‘शोनेन कुराबु’ या मासिकात कुत्र्यांच्या पलटणीत साध्या शिपायापासून बढत्या मिळवत गेला. मात्र या पलटणीत सगळेच कुत्रे असल्यामुळे कुत्रेपण हा तिथे केवळ पोशाख ठरतो. ज्याच्याविरुद्ध उठावे असा माणूसच त्या चौकटीत नाही. माणूस आणि बोलता प्राणी एकाच चौकटीत समोरासमोर उभे राहिले, तेव्हाच बंडाची शक्यता निर्माण झाली. मराठी वाचकाला हा फरक चटकन कळावा. पंचतंत्रातले कोल्हे-सिंह किंवा ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’मधला वाघ जन्मतःच बोलतात, त्यांना बुद्धी कोणी दिलेली नसते आणि म्हणून ती देणाऱ्याशी त्यांचा हिशेबही नसतो.

हा हिशेब प्रथम मांडला गेला तो १९४८ साली, ओसाकाच्या स्वस्त पुस्तकांत. भडक लाल रंगाच्या मुखपृष्ठांमुळे ‘आकाहोन’ म्हणजे लाल पुस्तके म्हणून ओळखली जाणारी ही प्रकाशने पुस्तकांच्या दुकानांपेक्षा खेळण्यांच्या आणि गोळ्या-बिस्किटांच्या दुकानांत अधिक विकली जात. तेझुका तेव्हा ओसाका विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेत होते. त्यांच्या ‘चितेइकोकु नो काइजिन’ (भूगर्भदेशीचे विलक्षण लोक) या पुस्तकात पृथ्वीच्या पोटातून आरपार जाणारी गाडी बांधू पाहणारा जॉन नावाचा मुलगा आहे, वाळवीपासून विकसित झालेले आणि माणसांशी वैर धरणारे भूगर्भवासी आहेत आणि शास्त्रज्ञांच्या प्रयोगातून माणसाची बुद्धी मिळालेला मिमिओ नावाचा ससा आहे. म्हणजे माणसावर उलटणारा प्राणी आणि माणसाला धरून राहणारा प्राणी हे दोन्ही ध्रुव एकाच पातळ पुस्तकात येतात. मिमिओ कपडे घालतो, बोलतो, कामे करतो. तरीही लोक त्याचे लांब कान पाहून त्याला ससाच समजतात. साथीदारांनी अविश्वासाने दूर केल्यावर तो वेश पालटून परत येतो, त्यांच्यासाठी जीव धोक्यात घालतो आणि अखेरीस खाटेवर मरतामरता आपण माणूसच आहोत ना, एवढेच जॉनला विचारतो. बालवाचकांच्या चित्रपुस्तकात नायकाच्या मित्राचा असा मृत्यू तेव्हा अपवादात्मक होता. पुढच्या सर्व बंडकथांचा गाभा याच प्रश्नात आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. प्राणी माणसावर चालून येतो तो बहुतेक वेळा त्याला या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी मिळाल्यामुळे.

त्याच वर्षीच्या ‘लॉस्ट वर्ल्ड’मध्ये असाच शस्त्रक्रियेने शहाणा केलेला ससा पुन्हा दिसतो. १९५० ते १९५४ या काळात ‘मांगा शोनेन’ मासिकात चाललेल्या ‘जंगल ताइतेई’त (जंगलचा सम्राट) हाच विषय उलट्या बाजूने येतो. माणसांत वाढलेला पांढरा सिंह लिओ आफ्रिकेत परततो, प्राण्यांना माणसाची भाषा शिकवतो, शेती लावतो. शेवटी बर्फाच्या वादळात सोबतचा माणूस जगावा म्हणून तो स्वतःचे मांस आणि कातडे त्याला देऊ करतो. येथे बंड टळते, पण ते टळण्याची किंमत प्राणीच मोजतो, हे नोंदवण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष सत्तापालट बालमांगात ठळकपणे आला तो तेझुकांच्या ‘झिरो-मान’मध्ये. १९५९ साली सुरू झालेल्या ‘शूकान शोनेन संडे’ या साप्ताहिकात ही मालिका १९५९–६० या काळात प्रसिद्ध झाली. हिमालयात लपून राहिलेली, खारीसारख्या प्राण्यापासून उत्क्रांत झालेली आणि विज्ञानात माणसाच्या पुढे गेलेली एक जमात जगावर ताबा मिळवू पाहते, असे तिचे कथानक आहे. दिसायला हे लोक माणसासारखेच असून त्यांना झुबकेदार शेपूट असते, एवढाच काय तो भेद. नायक रिकिया हा त्या जमातीचा असूनही माणसांच्या घरात वाढलेला मुलगा आहे. चित्रकाराच्या दृष्टीने शेपूट ही मोठी सोयीची युक्ती ठरते. चेहऱ्यावर भाव न आणताही ती ताठ होते, फुलते, लोंबकळते आणि कपड्याआड लपवावीही लागते. आपल्या अंगावर लपवण्याजोगे काहीतरी आहे ही जाणीव शाळकरी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. माणसावर वानरांचे राज्य येण्याची कल्पना जगभर ज्या फ्रेंच कादंबरीमुळे आणि तिच्यावरील ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या अमेरिकन चित्रपटामुळे पसरली, त्या अनुक्रमे १९६३ आणि १९६८ सालच्या. ‘झिरो-मान’ त्यांच्या आधीचा आहे.

प्राण्यांना बुद्धी कशी मिळते, याची उत्तरे त्या-त्या काळच्या विज्ञानातील भीतीनुसार बदलत गेलेली दिसतात. १९४८ मध्ये ती शस्त्रक्रियेने मिळते. अणुचाचण्यांच्या दशकात उत्परिवर्तनाची कल्पना पुढे येते. तेझुकांच्या १९५१ मधील ‘कितारुबेकि सेकाइ’त (येऊ घातलेले जग) अणुस्फोटांमुळे माणसाहून श्रेष्ठ अशी चिमुकली जमात उद्भवते. ती प्राण्यांपासून आलेली नसली, तरी माणूस हा शेवटचा शब्द नाही हे सांगण्याचे काम तीच करते. १९८४ मध्ये दूरचित्रवाणीसाठी तेझुकांनी केलेल्या ‘बागी’ या सचेतपटात (अ‍ॅनिमेशनपटात) जनुकांच्या पुनर्संयोजनातून जन्मलेली मांजरवर्गातील प्राण्यासारखी स्त्री आहे.

१९६६ पासून ‘शोनेन संडे’मध्येच आलेल्या ‘बांपाइया’ या मालिकेत प्राणी व माणूस यांतील सीमारेषा शरीरातूनच जाते. येथील ‘व्हँपायर’ रक्त पिणारे नसून प्रसंगी प्राण्यांचे रूप घेणाऱ्या वंशाचे लोक आहेत. शतकानुशतकांचा छळ सोसून ते मानवी समाज मोडून काढण्याचा कट रचतात. लांडगा होणारा तोप्पेइ हा तरुण नोकरीच्या शोधात चक्क तेझुकांच्या स्वतःच्या ‘मुशी प्रॉडक्शन’ या सचेतपट संस्थेत येतो आणि तेझुका स्वतःच एक पात्र म्हणून त्यात वावरतात. मात्र कथेतला खरा खलनायक रॉक हा पूर्णपणे माणूस आहे. शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’वरून बेतलेला हा तरुण व्हँपायरांच्या बंडाचा स्वतःच्या सत्तेसाठी वापर करतो. प्राण्यांच्या क्रांतीवर मांड ठोकणाऱ्या सत्ताधाऱ्याचा अभिजात नमुना म्हणजे जॉर्ज ऑर्वेल यांची ‘अ‍ॅनिमल फार्म’. शोतारो इशिनोमोरी यांनी १९७० मध्ये तिचे मांगा रूपांतर मुलांच्याच एका साप्ताहिकासाठी केले.

या सर्व बालकथांत एक पात्र हटकून दोन्ही बाजूंचे असते. माणसाळलेला ससा, शेपटीचा मुलगा, लांडगा होणारा तरुण अशी त्याची रूपे बदलतात, पण त्याचे स्थान बदलत नाही. बंड वाचकाला दिसते ते त्याच्याच डोळ्यांनी. साप्ताहिक मालिकेला शत्रूही हवा आणि त्या शत्रूविषयी सहानुभूतीही हवी, ही व्यावसायिक गरज त्यामागे असावी. शिवाय बालमांगात माणसाची सत्ता हादरते, परंतु कायमची जात बहुधा नाही. ती जाते ती प्रौढांच्या मासिकांत. तेझुकांनीच १९७१ ते १९७५ दरम्यान ‘एस-एफ मॅगझीन’मध्ये लिहिलेल्या ‘चोजिन ताइकेइ’त (पक्षिमानवांचा इतिहास) पक्षी माणसाला खरोखरच पदच्युत करतात आणि मग माणसाच्याच इतिहासातले भेदभाव व अत्याचार गिरवत बसतात. फुजिको यांच्या १९६९ मधील ‘मिनोतॉरोस नो सारा’ (मिनोतॉरची थाळी) या लघुकथेत परग्रहावर अडकलेल्या अंतराळवीराला गाईबैलांसारखे दिसणारे सुसंस्कृत प्राणी भेटतात, जे माणसांना पाळीव जनावरांप्रमाणे वाढवतात आणि खातात. ज्या मुलीवर त्याचा जीव जडतो, ती मेजवानीचे मुख्य पक्वान्न होण्याचा मान मिळाला म्हणून हरखलेली असते. त्याचा कोणताही युक्तिवाद यजमानांना कळत नाही. परतीच्या यानात तो रडतो आणि रडतारडता गोमांसाचा तुकडा खातो. यात बंड नावालाही नाही. जे उलथायचे ते आधीच उलथलेले आहे.

हेच फुजिको ‘डोरेमॉन’मध्ये मुलांसाठी लिहू लागले तेव्हा हा विषय गल्लीतल्या बेवारशी कुत्र्या-मांजरांपर्यंत खाली आला. मालिकेच्या बावीसाव्या खंडातील एका कथेत नोबिता हा शाळकरी मुलगा इची नावाच्या भटक्या कुत्र्याला घरी आणतो. घरचे त्याला ठेवू देणार नाहीत म्हणून डोरेमॉन या यंत्रमांजराच्या यंत्राचा किरण टाकून त्याची बुद्धी वाढवली जाते आणि इतर भटक्या जनावरांसह त्याला तीस कोटी वर्षांपूर्वीच्या निर्मनुष्य पृथ्वीवर सोडले जाते. तिथे त्यांची संस्कृती उभी राहते. माणसाला हटवावे लागत नाही, कारण माणूस अजून जन्मलेलाच नाही. ही पळवाट मोठी हुशार आहे. १९९० च्या सुमारास आलेल्या प्राणिग्रहावरील दीर्घकथेत तर भूमिकाच बदलतात. चिप्पो नावाच्या कुत्र्याच्या पिल्लाचा शांत ग्रह आणि त्यावर स्वारी करणारे, स्वतःचे जग प्रदूषणाने व युद्धाने नासवून बसलेले माणसासारखे ‘निमुगे’. हे नाव ‘निन्गेन’, म्हणजे माणूस, या जपानी शब्दाशी खेळून बनवलेले आहे.

फुजिको यांच्या निधनानंतर, २००४ मध्ये, इचीच्या कथेवर आधारलेला चित्रपट आला. त्यात मूळ कथेत नसलेला सूड जोडला गेला. माणसांनी टाकून दिल्याची आठवण पिढ्यानपिढ्या जपलेला मांजर-नेता नेकोजारा भविष्यातील माणसांच्या जगावर चाल करून जाण्याची तयारी करतो. २००५ पासून ‘हंगामा’ वाहिनीवर हिंदीतून दिसू लागलेल्या ‘डोरेमॉन’मुळे नोबिता महाराष्ट्रातील मुलांच्याही परिचयाचा झाला. तेझुकांचे ससे आणि शेपटीचा रिकिया मात्र मराठी बालवाचकांपर्यंत फारसे पोचलेले नाहीत.