अलगीकरण, विलगीकरण आणि विम्याचा दावा : पार्श्वभूमी

जून १९१८ मध्ये मुंबईत आलेला इन्फ्लुएंझा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत गावोगाव पोचला. लोक त्याला ‘मानमोडी’ म्हणत. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली, त्यांत २० ते ४० वयाची फार होती. गिरण्यांमधला मोठा कामगारवर्ग तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातला. कमावता गेला की गावची मनिऑर्डर बंद पडे. आयुर्विम्यासाठी हेच वय सर्वांत अवघड. तरुणाचे हप्ते पुढे अनेक वर्षे येत राहतील, असा हिशेब मांडलेला असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या हप्त्यालाच पूर्ण रक्कम द्यावी लागते. पण चाळीत राहणाऱ्या कोकण्याकडे पॉलिसी नव्हतीच. त्यामुळे इथली ती हानी कुठल्या कंपनीच्या वहीत चढली नाही.

१९५६ मध्ये आयुर्विम्याचे आणि १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९८६ मध्ये मेडिक्लेम, म्हणजे रुग्णालयाचा खर्च भरून देणारा विमा, आला. त्यातली एक अट पुढे फार महाग पडली : रुग्णालयात किमान २४ तास दाखल असल्याशिवाय दावा नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूत ही अट बोचली. तपासणीच्या रांगा आणि घरी घेतलेल्या गोळ्या विम्याच्या बाहेरच राहिल्या. मात्र तेव्हा रुग्ण मर्यादित होते, म्हणून त्याची फारशी चर्चा झाली नाही.

खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. कोरोनाचा विषाणू फ्लूचा नव्हता, पण फ्लूची महासाथ आली तर विम्याचे काय होईल हे त्याने दाखवून दिले. ४ मार्च २०२० रोजी विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाने (आयआरडीएआय) कंपन्यांना कोरोनाचे दावे लवकर निकाली काढायला सांगितले. मे महिन्यात चाकरमानी गावाकडे निघाले आणि प्राथमिक शाळांच्या वर्गांत त्यांचे चौदा दिवस सुरू झाले. इथे शब्दांचा गुंता झाला. लागण झालेल्याला वेगळे ठेवायचे ते विलगीकरण, आणि केवळ संशयित किंवा प्रवास करून आलेल्याला ठेवायचे ते अलगीकरण. पण ग्रामपंचायतीच्या फलकावर, वर्तमानपत्रात, तलाठ्याच्या तोंडीसुद्धा दोन्हींना सर्रास ‘विलगीकरण’च म्हटले जाई. घरच्यांना वाटे, सरकारनेच ठेवले म्हणजे दाखल झालो, खर्च मिळणार. विम्याच्या भाषेत मात्र तो फक्त मुक्काम होता. उपचार झाले तर त्यांचा खर्च मिळे, नुसत्या राहण्याचा नाही.

दुसरा वाद ‘रुग्णालय’ या शब्दाचा. पॉलिसीच्या व्याख्येनुसार लहान गावात किमान १० खाटा, शस्त्रक्रियागृह, चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका हवेत. वसतिगृहात किंवा सभागृहात उभारलेले कोविड केंद्र त्या व्याख्येत बसत नव्हते. तिथे ऑक्सिजनवर आठ दिवस काढलेला माणूस खरा रुग्ण, पण कागदावर तो रुग्णालयात नव्हताच. १६ जुलै २०२० रोजी नियामकाने शासनाने परवानगी दिलेली तात्पुरती केंद्रे रुग्णालय म्हणून धरावीत असे सांगितले. हा निर्णय योग्य होता, पण तो साथ सुरू होण्याआधी व्हायला हवा होता. साथीत तात्पुरत्या खाटा लागतात हे १९१८ पासून ठाऊक होते.

त्याच जुलैत सगळ्या कंपन्यांत सारख्याच अटी असलेल्या दोन ठरावीक पॉलिसी आल्या. ‘कोरोना कवच’ झालेला खर्च भरून देई, हातमोजे-पीपीई किटसुद्धा त्यात येत. ‘कोरोना रक्षक’ ७२ तास दाखल राहिल्यावर एकरकमी पैसे देई. कोकणात हा फरक मोठा होता. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अनेकांचे उपचार सरकारी रुग्णालयात मोफत झाले. बिलच नाही तर ‘कवच’ फारसे काय देणार? बुडालेला रोजगार फक्त ‘रक्षक’ने थोडाफार भरून निघे. नेमके तेच विकणे कंपन्यांना ऐच्छिक होते, ‘कवच’ मात्र सक्तीचे.

व्यवसायांचे चित्र वेगळेच. एप्रिल-मे २०२० मध्ये हापूसच्या ऐन हंगामात बाजार ठप्प झाले. बागायतदारांचा फळपीक विमा हवामानावर बेतलेला : तापमान किंवा अवेळी पाऊस ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तरच भरपाई. ग्राहकच नाही, हे कारण त्यात नव्हते. धंदा बंद राहिल्याचा विमाही सहसा आग किंवा पुरासारखे प्रत्यक्ष नुकसान झाल्यावरच लागू होतो. तसे नुकसान कोकणाने याच काळात दोनदा पाहिले : ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पुरात बुडाली. विमा कंपनीचा धंदा नुकसान एका वेळी एकाच जागी होण्यावर चालतो. चिपळूणच्या पुराचा भार बाहेरच्या पुनर्विमा कंपन्याही, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपन्याही, उचलतात. महासाथीत मात्र सगळ्या जगात दावे एकदमच येतात, गुंतवणुकीचे भावही त्याच सुमारास पडतात आणि भार सरकवायला दुसरी जागा उरत नाही. कोरोनाच्या २०२१ मधल्या दुसऱ्या लाटेनंतर मुदतीच्या विम्याचे (टर्म इन्शुरन्स) हप्ते वाढले ते याच वाटेने. १ जून २०२२ पासून दोन लाखांच्या सरकारी जीवनविमा योजनेचा वार्षिक हप्ताही ३३० वरून ४३६ रुपये झाला.

तात्पुरत्या केंद्रांना रुग्णालय मानण्याची ती सवलत कोरोनापुरती होती. उद्या नव्या फ्लूची साथ आली आणि शाळेच्या वर्गात पुन्हा खाटा मांडल्या, तर तिथल्या माणसाला कागदावर रुग्ण ठरवायला नियामकाला नवे परिपत्रक काढावे लागेल.