बेटांच्या लाव्ह्यातलं जुनं गंधक

हवाईतल्या किलाउआचा उद्रेक झाला की चित्रफिती फिरू लागतात, आणि सोबत एक वाक्य हमखास असतं: 'पृथ्वीच्या पोटातला लाव्ह्याचा समुद्र उफाळून आला.' पण कवचाखाली असा समुद्र नाहीच. तिथून सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंतचं प्रावरण घन आहे. भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. प्रावरणातून त्या बिनदिक्कत जातात.

मग शिलारस येतो कुठून? खोलवरचा खडक तापलेला असूनही प्रचंड दाबामुळे वितळत नाही. तो घन अवस्थेतच अतिशय संथपणे वर सरकतो. वर येताना दाब उतरतो, दाबाबरोबर द्रवणांकही उतरतो, आणि खडक वितळू लागतो. त्यासाठी वेगळी उष्णता लागत नाही. हवाईसारख्या बेटांखाली प्रावरणातून असे तप्त स्तंभ वर येत असावेत, ही कल्पना जेसन मॉर्गन यांनी १९७१ मध्ये मांडली.

खडक वितळतो तोही थोडासाच. स्फटिकांच्या रचनेत ज्यांना नीट जागा मिळत नाही ती मूलद्रव्यं पहिल्या संधीला रसात पळतात. रुबिडियम त्यातलंच. स्ट्रॉन्शियमही पळतं, पण तितक्या घाईनं नाही. म्हणून रसापासून बनलेल्या कवचात स्ट्रॉन्शियमच्या तुलनेत रुबिडियम जास्त, आणि मागे उरलेल्या प्रावरणात कमी.

आता खरी गंमत. एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंना समस्थानिक म्हणतात, आणि नावापुढचा आकडा ते वस्तुमान सांगतो. रुबिडियम-८७ किरणोत्सारी आहे; सुमारे ४९ अब्ज वर्षांच्या अर्धायुष्यानं त्याचं स्ट्रॉन्शियम-८७ होत राहतं. स्ट्रॉन्शियम-८६ मात्र आहे तितकंच राहतं. म्हणजे रुबिडियम भरपूर असलेल्या खडकात ८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर हळूहळू चढतं. खडक पुन्हा वितळला तरी ते बिघडत नाही, कारण रसायनाच्या दृष्टीनं ही दोन भावंडं सारखीच. लाव्हा थिजतो तेव्हा मूळ खडकाचं गुणोत्तर त्यात जसंच्या तसं उतरतं. सागरमध्य पर्वतरांगांच्या बेसाल्टमध्ये ते ०.७०२५ च्या आसपास असतं, प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांच्या काही लाव्ह्यांत ०.७२० पर्यंत जातं. फरक किरकोळ वाटेल, पण निव्वळ प्रावरणाच्या खडकातून तो येत नाही. खंडांवरून वाहून आलेला गाळ सागरतळासोबत प्रावरणात गेला आणि तिथून लाव्ह्यात परतला, असा त्याचा अर्थ लावला जातो. जुना सागरतळ खाली बुडतो आणि कालांतरानं बेटांच्या रूपानं वर येतो, हे आल्ब्रेख्ट हॉफमन आणि विल्यम व्हाइट यांनी १९८२ मध्येच सुचवलं होतं.

(लाव्ह्याच्या दगडाचे मणी 'आदिम ऊर्जा' म्हणून विकले जातात. हवाईतून दगड उचलून नेला तर पेले देवीचा शाप लागतो, या धास्तीनं लोक ते टपालानं परतही पाठवतात. निम्मी सिलिका आणि बाकी ॲल्युमिनियम, लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरेंची ऑक्साइडं असलेल्या दगडात ना ती ऊर्जा, ना तो शाप.)

सागरतळाच्या या फेरीचा सर्वांत थक्क करणारा पुरावा कुक बेटांपैकी मांगाइया इथे मिळाला. गंधकाचे ३२, ३३ आणि ३४ हे समस्थानिक नेहमीच्या प्रक्रियांमध्ये वस्तुमानातल्या फरकाच्या प्रमाणात वेगळे होतात. ३४ चा जितका बदल, त्याच्या साधारण निम्मा ३३ चा. पण प्राचीन वातावरणात ऑक्सिजन नव्हता, म्हणून ओझोनही नव्हता. अतिनील किरण हवेतला सल्फर डायऑक्साइड थेट फोडत, आणि त्यात हे प्रमाण मोडे. सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन वाढला आणि मोडलेल्या प्रमाणाची ही खूण उमटणं थांबलं. मांगाइयाचा लाव्हा जेमतेम दोन कोटी वर्षांचा, तरी त्याच्या ऑलिव्हीन स्फटिकांत अडकलेल्या सल्फाइडमध्ये ती खूण आहे, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे हे गंधक ऑक्सिजन नसलेल्या हवेतून सागरतळावर आलं, प्रावरणात बुडालं आणि दोन अब्जांहून अधिक वर्षं तिथेच राहिलं.

अर्थात बेटांचा सगळा माल असा फिरून आलेला नसतो. आइसलँडच्या काही बेसाल्टमध्ये हेलियम-३ आणि हेलियम-४ यांचं गुणोत्तर सागरमध्य रांगांपेक्षा कितीतरी जास्त आहे. हेलियम-३ हे बहुतांशी पृथ्वी घडतानाच आत कोंडलं गेलेलं, आणि खडक वितळला की ते निसटतं. तेव्हा कधीच न वितळलेला, किंवा फारच कमी वितळलेला भागही खाली कुठेतरी शिल्लक असावा.