गो-कार्टची चासी थोडी वाकायलाच हवी

घरी गो-कार्ट, म्हणजे छोटी, उघडी रेसची गाडी, बनवायला घेणारा बहुतेक जण आधी एकच गोष्ट ठरवतो: फ्रेम दणकट झाली पाहिजे. मग जाड चौकोनी पाइप येतात, जिथे जागा दिसेल तिथे तिरके आधार ठोकले जातात. फ्रेम मजबूत होते, पण वळणावर गाडी नीट वळत नाही. दोष वेल्डिंगचा नसतो, फ्रेम गरजेपेक्षा ताठ झालेली असते.

१९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी लू बोरेली यांच्या मदतीने पहिली कार्ट बनवली. इंगल्स रेसच्या गाड्या बनवणाऱ्या कर्टिस क्राफ्ट कंपनीत काम करायचे. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि गवत कापायच्या यंत्राचं छोटं इंजिन. सस्पेन्शन नाही, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियलही नाही. आजच्या रेसिंग कार्टमध्येही ही दोन्ही नसतात. त्यांचं काम चासीला, म्हणजे फ्रेमलाच, करावं लागतं, आणि मला यातलं सगळ्यात सुंदर इंजिनिअरिंग इथेच दिसतं.

मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे ती सारख्याच वेगाने फिरतात. पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. दोन चाकांत १.१ मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना हा फरक सुमारे १.७३ मीटर पडतो. वळण मोठं असो की छोटं, फरक तेवढाच. म्हणजे एक तरी चाक घासणारच. यावर उपाय एकच: वळताना आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं गेलं पाहिजे.

ते उचलायचं काम पुढची चाकं करतात. त्यांचे किंगपिन, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर चाक ज्यांच्याभोवती वळतं ते उभे खिळे, मागे झुकवलेले असतात. या झुकावाला कॅस्टर म्हणतात. स्टिअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक फ्रेमच्या तुलनेत खाली जातं आणि बाहेरचं वर येतं. डगमगणाऱ्या टेबलाचा एक पाय अधांतरी राहतो ना, तसं मग आतलं मागचं चाक हलकं होतं. वळण संपताना ते पुन्हा हळूच टेकायला हवं. किती उचलायचं आणि कधी टेकायचं, हे फ्रेम किती पिळली जाते त्यावर ठरतं. अगदी सैल फ्रेम चाक उचलतच नाही. फार ताठ असेल तर चाक वरच राहतं, किंवा खडबडीत जागी टायरची पकड सुटते.

म्हणून पाइप निवडताना दोन मिलिमीटरही मोजावे लागतात. २ मिमी जाडीचा ३० मिमी व्यासाचा गोल पाइप सोडून त्याच जाडीचा ३२ मिमीचा घेतला, तर वजन सुमारे ७ टक्के वाढतं, पण पिळाला होणारा विरोध जवळजवळ २३ टक्के वाढतो. रेसिंग कार्टमध्ये क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद, वापरतात. साध्या माइल्ड स्टीलपेक्षा ते कमी-जास्त लवचीक असतं असं नाही. त्याच मापाचे दोन्ही पाइप तेवढ्या जोराला जवळपास सारखेच वाकतात. क्रोमोली जास्त जोर सोसूनही मूळ आकारात येतं, साधं स्टील मात्र त्याआधीच मर्यादा ओलांडून वाकडंच राहतं. घरच्या, हळू पळणाऱ्या कार्टला माइल्ड स्टील चालतं, पण अधूनमधून मापं तपासावी लागतात.

बांधणीत सपाट टेबल सोडू नये. सगळे जोड आधी टॅक करून, म्हणजे वेल्डिंगच्या छोट्या ठिपक्यांनी धरून, घ्यायचे, गुण्या लावायचा, समोरासमोरचे कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे आले तरच पुढे जायचं. एकाच बाजूने सलग वेल्डिंग केलं तर थंड होताना आकसणारा धातू फ्रेम ओढून नेतो. म्हणून एक जोड इकडचा, एक तिकडचा करावा. सीटलाही विसरू नका. सीट फ्रेमला बोल्टने आवळली की तीही ताठपणा वाढवते.

तयार कार्टची चाचणी घरीच होते. सपाट फरशीवर आतल्या मागच्या चाकाखाली वजनकाटा ठेवा, बाकीच्या तीन चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या ठेवा. सीटवर माणूस बसवून स्टिअरिंग त्याच चाकाच्या बाजूला फिरवा. आकडा झपाट्याने घसरला, तर फ्रेम तिचं काम करतेय. फारसा हललाच नाही, तर वेल्डिंग मशीन बाजूला ठेवा आणि आधी कॅस्टर वाढवून बघा.