पंखा चालू, फ्यूम हूड निकामी

मे महिन्यात बडोद्यात पारा ४० च्या वर गेला की प्रयोगशाळेत शिरणारा हात आधी छताच्या पंख्याच्या बटणाकडे जातो. पण तिथेच कोणी फ्यूम हूडमध्ये, म्हणजे घातक वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या पेटीसारख्या कप्प्यात, तांब्याचा तुकडा तीव्र नायट्रिक आम्लात विरघळवत असेल, तर पंखा बंदच हवा.

हूडच्या तोंडातून हवा आत जाते ती सेकंदाला साधारण ०.५ मीटर वेगाने, म्हणजे माणसाच्या चालीच्या निम्म्याहूनही कमी. पंख्याचा झोत याहून सहज जोरदार. तो तोंडावर आदळला की आतली वाफ भोवऱ्यासारखी बाहेर येते, थेट नाकाशी. नायट्रोजन डायऑक्साइड तपकिरी असल्याने निदान दिसतो. बेंझिनची वाफ दिसतही नाही.

मग एसी लावावा? स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. दीड मीटर रुंदीच्या हूडची सॅश (तोंडावरची सरकती काच) ४५ सेंटिमीटर उघडली, तर तासाला सुमारे १२०० घनमीटर हवा बाहेर जाते. ८ बाय ६ मीटरची, साडेतीन मीटर उंच खोली म्हणजे १६८ घनमीटर, तासात सात वेळा रिकामी! एसीसाठी खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या तर एवढी हवा येणार कुठून? दार उघडायला जड जातं, हूडचा जोर घटतो आणि शेजारच्या बंद हूडच्या डक्टमधून (हवा बाहेर नेणाऱ्या नळीतून) हवा उलटी खाली येते. म्हणून बाहेरची हवा आणणारी वेगळी सोय हवीच. ती नसेल तर हूडपासून दूरची खिडकी उघडी ठेवा.

रोज सुरुवातीला टिश्यू पेपरची बोटभर पट्टी सॅशच्या खालच्या कडेला चिकटवा. ती सर्वत्र आत झुकली पाहिजे. कुठे लोंबकळली किंवा बाहेर वळली, तर काम सुरू करू नका. भांडी कडेपासून १५ सेंटिमीटर आत ठेवा. मोठं उपकरण ५ सेंटिमीटरच्या पायांवर उचला, कारण ईथरची वाफ हवेच्या अडीचपट जड असते आणि ती मागच्या बॅफलच्या (हूडच्या आतल्या मागच्या पडद्याच्या) खालच्या फटीतूनच ओढली जाते. तिथे बाटल्यांची रांग लावली की ती फट बुजते. हूड म्हणजे कपाट नव्हे.

परक्लोरिक आम्ल साध्या हूडमध्ये कधीच तापवू नका. डक्टमध्ये साचणारे परक्लोरेट स्फोटक असतात. त्यासाठी पाण्याने धुता येणारा वेगळा हूड लागतो.

एक बिघाड हमखास नजरेतून सुटतो. हूडची हवा ओढणाऱ्या गच्चीवरच्या ब्लोअरची मोटर दुरुस्त करताना तीनपैकी दोन फेज अदलाबदल झाल्या, तर पंखा उलटा फिरतो. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरूनही हवा त्याच दिशेला ओढतो, फक्त बराच कमी. घरघर तशीच ऐकू येते, म्हणून कोणाला शंका येत नाही. वायरमन गेल्यावर आवाजावर विसंबू नका, पट्टी लावून पाहा.